हार्मोनच्या गोळीने सांधे धरले असतील तर: पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शक

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन संपलं. आता फक्त रोज एक छोटी गोळी, तीही पाच वर्षं. ऐकायला हा सगळ्यात सोपा टप्पा वाटतो. मग दोन-तीन महिन्यांत सकाळी पलंगावरून पाय खाली टाकताना घोटे धरतात, मूठ मिटत नाही, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो. घरचे म्हणतात, केमोचा अशक्तपणा आहे. शेजारीण म्हणते, वय झालं. आणि तुम्ही मनातल्या मनात विचारता, आजार परत तर आला नाही ना?

बहुतेक वेळा कारण ती छोटी गोळीच असते. हे दुखणं खरं असतं, त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे आणि उपायही आहेत. मात्र ते एका क्रमाने करून बघावे लागतात. खाली तोच क्रम दिला आहे.

पहिली पायरी: आपली गोळी कोणती ते बघा

गोळ्यांचं पाकीट हातात घ्या आणि कंपनीचं नाव सोडून त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव वाचा. ॲनास्ट्रोझोल (१ मिलीग्रॅम), लेट्रोझोल (२.५ मिलीग्रॅम) किंवा एक्झेमेस्टेन (२५ मिलीग्रॅम) असेल, तर तुम्ही अरोमाटेज इनहिबिटर या गटातलं औषध घेताय. टॅमॉक्सिफेन असेल तर तो गट वेगळा.

हा फरक महत्त्वाचा आहे. पाळी गेल्यानंतरही शरीरात थोडं इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) बनत राहतं, ते मुख्यतः चरबीच्या पेशींत. अरोमाटेज नावाचं एन्झाइम ते बनवतं आणि ही औषधं त्या एन्झाइमलाच अडवतात. इस्ट्रोजेन जवळपास शून्यावर येतं, त्यामुळे इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या गाठीची उपासमार होते. पण सांधे, स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्या आणि हाडं यांनाही त्याची सवय असते, आणि ती कुरकुरायला लागतात. टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेन कमी करत नाही, गाठीपाशी त्याची जागा अडवून बसतं. म्हणून त्यात सांधेदुखी कमी असते, पण नसतेच असं नाही. ९,३६६ स्त्रियांच्या ‘अटॅक’ नावाच्या मोठ्या चाचणीत ॲनास्ट्रोझोल घेणाऱ्यांपैकी सुमारे ३६ टक्के आणि टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी सांधेदुखीची तक्रार केली होती. नेमका प्रश्न विचारून केलेल्या पाहण्यांत अरोमाटेज गटातला आकडा निम्म्याच्या आसपास जातो.

पाळी चालू असलेल्या वयात अंडाशय बंद ठेवण्याचं इंजेक्शन आणि सोबत अरोमाटेज गटातली गोळी दिली जाते. अशा वेळी इस्ट्रोजेन हळूहळू न उतरता एकदम कोसळतं, त्यामुळे तरुण मुलींनाही हा त्रास बराच होतो. “इतक्या लहान वयात गुडघे कसे दुखतात?” असं कुणी म्हटलं, तर त्याला हे उत्तर द्या.

दुसरी पायरी: दुखणं गोळीचंच आहे का?

गोळीच्या दुखण्याची एक ठरावीक चाल असते. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते डोकं वर काढतं आणि साधारण सहा महिन्यांपर्यंत वाढत जातं. दोन्ही बाजूंना सारखंच असतं: दोन्ही हातांची बोटं, दोन्ही मनगटं, दोन्ही गुडघे, दोन्ही पावलं. सकाळी किंवा बराच वेळ बसून उठल्यावर सांधे आखडतात आणि थोडं हिंडल्या-फिरल्यावर मोकळे होतात. बोटांत मुंग्या येणं, रात्री हात बधिर होणं, बोट वाकवल्यावर अडकून ‘टक्’ आवाज करत सुटणं, हेही याच गोतावळ्यातलं.

टॅक्सेन गटातली केमो झाली असेल, वजन जास्त असेल किंवा मुळातच संधिवात असेल, तर हा त्रास होण्याची शक्यता वाढते.

आता दुसरी बाजू. पुढच्यापैकी काही असेल तर ते गोळीच्या खात्यात टाकू नका, डॉक्टरांना फोन करा: एकाच ठिकाणच्या हाडात सतत राहणारी, दिवसेंदिवस वाढणारी, रात्री झोपेतून उठवणारी कळ; सांधा लाल, गरम आणि सुजलेला, सोबत ताप; एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते आणि टॅमॉक्सिफेनवर तो धोका अधिक असतो. पाठीत कळ येऊन पायांतली ताकद जात असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच वेळी इस्पितळ गाठा.

मधल्या काही गोष्टीही तपासून घ्याव्यात. थायरॉइड बिघडलं असेल, ड जीवनसत्त्व फार कमी असेल, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल, तरी अंग दुखतं. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाइन घेतल्यावर दोन-तीन दिवस फ्लूसारखी अंगदुखी होते. ती वेगळी आणि आपोआप ओसरणारी. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची शंका असेल तर रक्ततपासणी करतात. हे सगळं एका भेटीत उरकतं, फक्त “डॉक्टर, याचं दुसरं काही कारण असेल का?” हे तुम्ही विचारायला हवं.

तिसरी पायरी: वही घाला

दवाखान्यात “कसं वाटतंय?” विचारल्यावर आपण सवयीने “ठीक आहे” म्हणतो आणि बाहेर आल्यावर आठवतं की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. यावर वही हा एकच इलाज आहे.

रोज दोन ओळी पुरतात. सकाळचा ताठरपणा किती मिनिटं टिकला, दिवसभरातलं सगळ्यात वाईट दुखणं दहापैकी किती, आणि दुखण्यामुळे कोणतं काम राहिलं. तिसरी गोष्ट सगळ्यात बोलकी. “हात दुखतात” यापेक्षा “बरणीचं झाकण उघडत नाही, शर्टाची बटणं लावायला मुलीला हाक मारावी लागते” हे डॉक्टरांना पटकन कळतं. गोळी अजून सुरू व्हायची असेल तर आजपासूनच लिहायला घ्या. आधीचं दुखणं किती होतं हे कागदावर असलं की पुढे वाद राहत नाही.

चौथी पायरी: गोळी परस्पर बंद करू नका

इथे मी थोडी कडक बोलणार आहे. या दुखण्याला कंटाळून अनेक जणी गुपचूप गोळी सोडतात किंवा एक दिवसाआड घेतात, आणि दवाखान्यात मात्र “चालू आहे” म्हणतात. सगळ्यात जास्त नुकसान यातच आहे. हार्मोन-पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर पोसणाऱ्या, कॅन्सरमध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने पुढच्या पंधरा वर्षांतले स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये अरोमाटेज गटातली औषधं त्याहून थोडी सरस ठरली आहेत. एवढा फायदा कुणाला न सांगता सोडून द्यायचा नसतो.

पण याचा अर्थ दात-ओठ खाऊन सहन करायचं असाही नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा: “या दुखण्यामुळे गोळी बंद करावीशी वाटतेय.” हे वाक्य ऐकल्यावर बोलण्याचा सूरच बदलतो. तरीही “होतंच असं, सवय होईल” एवढंच उत्तर मिळालं, तर वही उघडून पुढे ठेवा आणि पुढचा उपाय काय, हे विचारा. तेवढा हक्क तुम्हाला आहे.

एक अफवा इथेच निकालात काढू. “दुखतंय म्हणजे औषध लागू पडतंय” असं म्हणतात. काही अभ्यासांत तसा संबंध दिसला, काहींत दिसला नाही. ज्यांना काहीच दुखत नाही त्यांनी घाबरू नये, आणि ज्यांचं दुखतंय त्यांनी उपाय टाळू नयेत. दुखणं कमी केल्याने गोळीचा परिणाम कमी होत नाही.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री, हा प्रश्न हमखास येतो. लेट्रोझोल आणि ॲनास्ट्रोझोल रक्तात दिवसेंदिवस टिकून राहतात, त्यामुळे वेळेने फारसा फरक पडू नये. तुम्हाला जी वेळ लक्षात राहते ती धरा. एक्झेमेस्टेन तेवढं जेवणानंतर घ्यायचं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नका.

पाचवी पायरी: हालचाल, आणि तीच मुख्य

दुखत असताना चालायला सांगणाऱ्याचा राग येतो, हे मान्य. तरीही सगळ्या उपायांत ज्याच्या बाजूने चांगला पुरावा आहे आणि ज्याचे दुष्परिणाम जवळपास नाहीत, तो हाच. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेली ‘होप’ नावाची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. अरोमाटेज गटातली गोळी घेणाऱ्या, सांधे दुखणाऱ्या आणि एरवी व्यायाम न करणाऱ्या १२१ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या जणींनी आठवड्याला १५० मिनिटं दम वाढवणारा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम केला. वर्षाअखेर त्यांच्या सर्वांत वाईट दुखण्याचा आकडा सुमारे २९ टक्क्यांनी उतरला. नेहमीसारखंच राहिलेल्या गटात तो किंचित वाढला.

१५० मिनिटं हा आकडा वाचून दडपून जाऊ नका, तिथपर्यंत पोचायला काही महिने घ्या. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं सपाट रस्त्यावर, पावलं नीट धरून ठेवणारे बूट घालून. तेही जड जात असेल तर पाच मिनिटं सकाळी, पाच संध्याकाळी. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. वेग असा ठेवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. गुडघे फार बोलत असतील तर पाण्यातला व्यायाम किंवा एका जागी बसवलेली सायकल.

किती दुखलं तर थांबायचं? व्यायाम करताना थोडं दुखणं चालेल. संपल्यावर दोन तासांनंतरही नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल, तर त्या दिवशी जास्त झालं. पुढच्या वेळी थोडं कमी करा, पण खंड पाडू नका. लोक नेमके इथे सोडतात: एक दिवस जोमात केलं, दोन दिवस अंथरुणात, मग “मला झेपत नाही”.

ताकदीच्या व्यायामाला जिमची गरज नाही. खुर्चीत बसा, हात छातीवर घ्या, उठा आणि सावकाश बसा. खाली येताना धपकन सोडू नका, कारण मांडीचं खरं काम त्या उतरण्यातच होतं. सुरुवातीला पाच-सहा वेळा. हाताशिवाय उठता येत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा आणि महिनाभराने उशी काढा. मग भिंतीला हात टेकून भिंतीवरचे दंड, ओट्याला धरून टाचा उचलणं, आणि रबरी पट्टा ओढणं. आठवड्यातून दोनदा, मध्ये एखादा दिवस मोकळा सोडून.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर “त्या हाताने वजन उचलू नका” असं बहुधा सांगितलेलं असतं. हळूहळू वाढवलेला ताकदीचा व्यायाम त्या हातालाही सुरक्षित आहे हे आता नीट माहीत झालंय. मात्र सुरुवात अगदी हलक्या वजनाने आणि शक्यतो फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करा. हात जड वाटू लागला, अंगठी किंवा बांगडी घट्ट झाली, तर थांबून दाखवा. हाडं ठिसूळ निघाली असतील किंवा केमोनंतर पावलं बधिर असतील, तर तोल सांभाळण्याचे व्यायाम आधी शिकून घ्या.

हातांसाठी वेगळी पाच मिनिटं

सकाळी उठल्या-उठल्या हात कोमट पाण्यात बुडवा आणि पाण्यातच हे करा. बोटं सरळ ताठ. मग फक्त वरची दोन पेरं वाकवून आकड्यासारखी, तळहाताला लागलेल्या सांध्यातून नाही. पुन्हा सरळ. मग पूर्ण मूठ, पण न आवळता. पुन्हा सरळ. मग अंगठ्याचं टोक एकेका बोटाच्या टोकाला लावत करंगळीपर्यंत. असं पाच-सहा वेळा. पहिल्या दिवशी मूठ अर्धीच मिटेल. जिथे थांबेल तिथून जबरदस्ती करू नका, उद्या ती थोडी पुढे जाते.

बोट अडकत असेल तर ते पुन्हा पुन्हा ‘टक्’ वाजवून बघण्याचा मोह आवरा, त्याने दोरी आणखी सुजते. रात्री बोट सरळ ठेवणारी पट्टी, आणि हात बधिर होत असेल तर मनगट सरळ ठेवणारा पट्टा उपयोगी पडतो. काही आठवड्यांत फरक पडला नाही तर हातात स्टेरॉइडचं इंजेक्शन हा पर्याय असतो. ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात असेल तर ते देणाऱ्याला आधी सांगा. भांड्यांच्या, पेनांच्या मुठींवर कापड किंवा फोम गुंडाळून त्या जाड केल्या की पकडायला जोर कमी लागतो.

सहावी पायरी: शेक आणि वेदनाशामक

सकाळच्या ताठरपणाला गरम शेक, दिवसभर वापरून सुजल्यासारख्या वाटणाऱ्या सांध्याला थंड. दोन्ही पंधरा-वीस मिनिटं, मध्ये कापड ठेवून. हाताला सूज येण्याचा धोका असेल तर त्या हातावर कडक शेक नको, आणि केमोमुळे बधिर झालेल्या त्वचेवर चटका कळत नाही हे लक्षात ठेवा.

पॅरासिटामॉलपासून सुरुवात करतात. दिवसाची मर्यादा विचारून घ्या आणि सर्दी-तापाच्या गोळ्यांतही तेच औषध असतं हे विसरू नका. यकृताला दोन्हींची बेरीज मोजावी लागते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या जास्त परिणामकारक वाटतात, पण महिनोनमहिने स्वतःच्या मनाने घेण्याच्या नाहीत. मूत्रपिंड, पोटातला अल्सर, रक्तदाब, हृदय, रक्त पातळ करणारी औषधं, यांतलं काहीही असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नको. एक-दोन बोटं किंवा गुडघेच दुखत असतील तर त्याच औषधाचं जेल लावणं शहाणपणाचं, कारण रक्तात फार कमी उतरतं.

सातवी पायरी: डॉक्टरांच्या हातातले पत्ते

दोन-तीन महिने प्रामाणिकपणे वरचं सगळं करूनही वहीतले आकडे खाली येत नसतील, तर पुढचं बोलणं करायचं.

पहिला पर्याय, सुट्टी आणि बदल. डॉक्टर ठरवून काही आठवडे गोळी थांबवतात. दुखणं ओसरलं तर कारण पक्कं झालं. मग त्याच गटातली दुसरी गोळी देतात. एकच काम करणारी औषधं असली तरी एकीने त्रास झालेल्या बाईला दुसरी चालून जाते, असं बऱ्याचदा घडतं. फ्रान्समध्ये ॲनास्ट्रोझोलने हैराण झालेल्या १७९ स्त्रियांना महिनाभराच्या विश्रांतीनंतर लेट्रोझोल दिलं, तेव्हा सहा महिन्यांनी सुमारे ७० टक्के जणी ते घेत होत्या. तेही जमलं नाही तर टॅमॉक्सिफेन असतंच. ही सुट्टी डॉक्टरांनी तारीख घालून दिलेली असते; आपली आपण घेतलेली सुट्टी लांबतच जाते.

दुसरा, ड्युलोक्सेटिन. मुळात नैराश्याचं औषध, पण दीर्घ दुखण्यावरही चालतं. २९९ स्त्रियांच्या चाचणीत बारा आठवड्यांत दुखणं खोट्या (तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या) गोळीपेक्षा थोडं जास्त उतरलं. औषध थांबल्यावर तो फरक टिकला नाही. मळमळ, तोंडाला कोरड, झोपेत बदल होतात, आणि ते एकदम बंद करायचं नसतं. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी मात्र ड्युलोक्सेटिन घेण्याआधी थांबावं: टॅमॉक्सिफेनला कामाला लावणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमला हे औषध अडथळा करतं. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन तर त्याहून जास्त.

तिसरा, ॲक्युपंक्चर. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२६ स्त्रियांच्या चाचणीत खऱ्या ॲक्युपंक्चरने नकली सुयांपेक्षा जास्त आराम पडला, पण फरक माफक होता. परवडत असेल आणि माणूस प्रशिक्षित असेल तर करून बघायला हरकत नाही; सुजेचा धोका असलेल्या हातात सुया घेऊ नका.

पूरक गोळ्यांबद्दल थोडक्यात

ओमेगा-३ ची चाचणी मला फार शिकवून गेली. २४९ स्त्रियांपैकी ज्यांनी ते घेतलं त्यांचं दुखणं निम्म्याहून खाली आलं, आणि ज्यांनी नुसती खोटी गोळी घेतली त्यांचंही तितकंच. म्हणून “मला अमुक गोळीने बरं वाटलं” हे कितीही मनापासून सांगितलेलं असलं तरी त्यावर महागडी बाटली विकत घेऊ नका. ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढावं, ते हाडांसाठी हवंच. जडीबुटी, ‘हार्मोन संतुलित करणारी’ चूर्णं, सोयाचे अर्क यांबाबत मी सरळ नाही म्हणेन: ज्या इस्ट्रोजेनला आपण इतक्या कष्टाने खाली ठेवलंय, त्यासारखं काम करणारं काही त्यात असू शकतं.

हाडांची तपासणी विसरू नका

सांधे आरडाओरडा करतात, हाडं मात्र गुपचूप झिजतात. अरोमाटेज गटातली गोळी सुरू करताना डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करून घ्या आणि पुढे साधारण एक ते दोन वर्षांनी पुन्हा. कॅल्शियम आहार आणि गोळी मिळून दिवसाला १,००० ते १,२०० मिलीग्रॅमच्या घरात असावं. आहारातून पुरेसं जात असेल तर गोळी कशाला?

किती दिवस चालणार हे?

बऱ्याच जणींचं दुखणं पहिल्या वर्षानंतर सौम्य होतं, काहींचं गोळी असेपर्यंत कमी-जास्त राहतं. गोळी थांबल्यावर सहसा काही आठवडे ते काही महिन्यांत सांधे सुटतात. पाच वर्षं पूर्ण होताना डॉक्टर आणखी काही वर्षं सुचवू शकतात. त्या भेटीला जाताना वही सोबत न्या आणि तीन गोष्टी विचारा: माझ्या आजारात पुढची वर्षं घेतल्याने धोका नेमका किती कमी होईल, हाडांचा अहवाल काय सांगतो, आणि वाढवायचंच असेल तर माझ्या सांध्यांना चालणारी गोळी कोणती.